फॉर्टी माइल: जाळ लावून खणलेलं सोनं

रविवार, रात्री

सोन्याची खाण म्हटलं की आपल्याला कोलार आठवतं. तीन किलोमीटरहून खोल गेलेली खाण, तळाशी भट्टीसारखी उष्णता. आज मनात घोळतंय ते अगदी उलट्या टोकाचं गाव, कॅनडाच्या युकॉन प्रदेशातलं फॉर्टी माइल. इथले खड्डे आपल्या आडाएवढे, आणि झगडा सगळा थंडीशी.

१८८६ साली फॉर्टीमाइल नदीच्या रेतीत सोनं सापडलं. ही नदी युकॉन नदीला मिळते त्या संगमावर गाव उभं राहिलं. गंमत अशी की सोनं बहुतेक वरच्या अंगाला, अलास्कात, आणि गाव मात्र सीमेच्या अलीकडे कॅनडात. लोक खणायचे तिकडे. पीठ, खिळे, दारू आणि सरकारी नोंदवही इकडे.

तिथली जमीन बारमाही गोठलेली. कुदळ मारली तर उसळून परत येते. म्हणून संध्याकाळी खड्ड्यात लाकडं रचून जाळ लावायचा. सकाळपर्यंत साधारण फूटभर माती सुटते. राख काढायची, मऊ झालेली माती उपसून रहाटाने वर ओढायची, रात्री पुन्हा जाळ. घाई करून धूर निघायच्या आधी खाली उतरणारा माणूस तिथेच गुदमरायचा. असं करत कातळ गाठायचा, कारण सोनं जड, ते कातळाच्या भेगांत जाऊन बसतं. मग कातळाच्या अंगाने आडवं खणायचं, आता जाळ भिंतीला लावून. हे काम हिवाळ्यातच, कारण उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं. थंडीत भिंती दगडासारख्या उभ्या राहतात, टेकू द्यावे लागत नाहीत. थंडी वैरीण आणि तीच बांधकाम मिस्त्री!

काढलेल्या मातीचा ढीग बाहेर पुन्हा गोठतो. वसंतात बर्फ वितळून ओढे वाहू लागले की धुणं सुरू. सुमारे १२ फूट लांबीच्या लाकडी पन्हळी एकापुढे एक जोडायच्या, तळाशी आडव्या पट्ट्या. एका पन्हळीला अर्धा ते एक फूट उतार. उतार कमी पडला तर पट्ट्यांमागे रेती दाबून बसते आणि सोन्याला जागाच उरत नाही. जास्त झाला तर बारीक सोनं पाण्याबरोबर जातं. पाणी बंद करून पट्ट्या उचलल्या की खाली काळी रेती दिसते. ती घमेल्यात फिरवायची, लोहचुंबकाने लोखंडी कण काढायचे, उरलेलं बारीक सोनं पाऱ्याने धरायचं. सराफकट्ट्यातली माती धुणाऱ्या आपल्या झारेकऱ्याला यातलं फारसं काही समजावून सांगावं लागणार नाही. सोनं पाण्याच्या १९ पट जड, गारगोटी अडीच पटीहून थोडीच जास्त. सगळी कला या फरकावर चालते.

गाव मोडलं ते सोनं संपून नव्हे. ऑगस्ट १८९६ मध्ये क्लोंडाइक नदीच्या एका उपओढ्यावर जॉर्ज कारमॅक, स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली यांना सोनं लागलं. त्या जागेवर खणायचा हक्क नोंदवायचा तर फॉर्टी माइललाच यावं लागे. कारमॅक आला, काडतुसाच्या रिकाम्या नळीत सोनं घेऊन. त्याच्या बोलण्यावर गुत्त्यातल्या जुन्या मंडळींचा विश्वास नव्हता. पण नळी रिकामी केल्यावर त्यांनी दाणे पाहिले. प्रत्येक ओढ्याच्या सोन्यात चांदीचं प्रमाण वेगळं असतं, प्रवाहात होणारी झीजही वेगळी, त्यामुळे रंग आणि दाण्याचा आकार वेगळा. हे सोनं ओळखीच्या कुठल्याच ओढ्याचं नव्हतं. मग काय, होड्या निघाल्या. ज्या नोंदवहीमुळे गावाला वजन होतं, तिच्यातल्या नोंदीनेच गाव रिकामं केलं.

आज तिथे ओंडक्यांची मोजकी घरं आणि चर्च उरलं आहे. ही जागा गावाहून कितीतरी जुनी: ट्रॉन्डेक ह्वेचिन या तिथल्या मूळनिवासी लोकांची, कॅरिबूच्या (उत्तरेकडच्या रानटी रेनडिअर हरणाच्या) शिकारीची. तेच युकॉन सरकारसोबत तिची देखभाल करतात, आणि २०२३ मध्ये ती जागतिक वारसा यादीतल्या ट्रॉन्डेक-क्लोंडाइक स्थळात गेली. अशा घरांत कुजतो तो आधी जमिनीलगतचा ओंडका. तो गेला की दार चौकटीत अडकू लागतं. वसंतात नदीवर बर्फाचे तुकडे अडून बांध झाला की पाणी मागे फुगतं आणि गावात शिरतं. गावात सोन्याचे जुने खड्डे शोधत फिरण्यात अर्थ नाही. ते नदीच्या वरच्या अंगाला, बशीसारख्या खचलेल्या खळग्यांत आणि धुतलेल्या गोट्यांच्या ढिगांत.