तुम्ही विचारलंत म्हणून: गरवायला चांगली जागा कुठली?

देवगडला घर आहे म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. आंब्याच्या पेटीचा भाव काय, आणि गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, चांगली जागा कुठली. भावाचं बागवाल्यांना विचारा. जागेचं एकदा सविस्तर सांगून टाकतो. विचारणाऱ्याला नकाशावरचा ठिपका हवा असतो, आणि नुसत्या ठिपक्याचा काही उपयोग नसतो. ज्या कातळावर संध्याकाळी सहाला तांबोशी लागते, तिथे दुपारी बाराला कोरडा दगड असतो. जागा वेळेसकट सांगावी लागते. (माझ्या जागा मी तशाही सांगणार नाही. कुणीच सांगत नाही.)

पहिल्या दिवशी गरी घरीच ठेवा आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जा. तीही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि एरवी कधी न दिसणारं खडप, म्हणजे पाण्याखालचा खडकाळ भाग, उघडं पडतं. वेळ काढायची तर जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती. हिशेब अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून कोष्टकही बघावं, पण चालता चालता डोक्यात मांडायला पाऊणपटीसारखं दुसरं काही नाही.

आता उघड्या पडलेल्या खडपात उतरा आणि मासा असता तर कुठे थांबला असता ते बघा. दोन कातळांमधली एखादी घळ असते. तोंडाशी वाळू, आत सावली, दोन्ही अंगांना कालवं चिकटलेली, कपारीत कुर्ल्या सरकतायत. भरती लागली की पाणी याच वाटेने आत येतं आणि पाण्याबरोबर मासाही, कारण खाणं इथेच आहे. गोबरा कपारीच्या तोंडाशी दबा धरतो. तिथे गरी टाकायची तर आत नाही, तोंडाबाहेरच्या वाळूवर. आत गेली की एकतर तो कपारीत घुसून तंगूस, म्हणजे गरीची दोरी, कातळावर घासून तोडतो, नाहीतर वजनाचं शिसं अडकून बसतं. घळ दिसली की मागे वळून किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, एखादा वाकडा माड आणि त्यामागची घराची कौलं, अशा. पाणी चढल्यावर खाली काहीच दिसत नाही, तेव्हा त्याच खुणा कामाला येतात. होडीवालेही समुद्रात जागा अशाच धरतात.

सुकतीला खडपात कालवं काढणाऱ्या बायका भेटतील. त्यांच्याशी बोला, पण "मासे कुठे मिळतात?" असं विचारू नका. "काकी, पाणी आधी खंयसून भरता?" (कुठून भरतं?) असं विचारा. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण त्यांना त्याच वाटेने परतायचं असतं.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, गरवायचं असेल तर उंचावरून बघा. लाट फुटून पांढरी होते तिथे पाणी उथळ. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये एखादा गर्द, न फुटणारा पट्टा दिसतो, तिथे खोल. मुडदुशी अशाच ठिकाणी वाळूतले किडे उकरत असते, आणि अंतर फारसं नसतं. नवीन रॉड घेतलेली मंडळी ताकद लावून गरी तिच्या पलीकडे फेकतात. पोहायला मात्र त्या पट्ट्यात उतरू नका, परतणारं पाणी तिथूनच आत ओढतं. रापणकरांवरही, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांवरही, नजर ठेवा. पुळणीच्या ज्या टोकाला ते जाळं कधीच घालत नाहीत, तिथे खाली खडप आहे असं समजा. जाळं फाटतं म्हणून ते टाळतात. त्यांचं ते टाळलेलं टोक गरीवाल्याच्या फायद्याचं. रापण ओढत असतील तेव्हा मात्र गरी गुंडाळून बाजूला व्हायचं.

खाडीच्या तोंडाचा हिशेब उलटा. कातळावर चढतं पाणी बरं, तोंडाशी उतरतं. सुकती लागली की खाडीतली कोळंबी आणि बारकी पिल्लं पाण्याबरोबर बाहेर येतात आणि मोठा मासा कोपऱ्यावर, धारेच्या आडोशाला, येणाऱ्या धारेकडे तोंड करून उभा असतो. पाऊस सरल्यावर गढूळ आणि निवळ पाण्याची सीमा स्पष्ट दिसते. गरी त्या सीमेवर टाकावी. आमिषाला शक्यतो तिथलीच कोळंबी. फ्रीजमधून आणलेली पांढरीफटक कोळंबी शेंगटीशिवाय कुणाला आवडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिथीचं विचाराल तर मला अष्टमी ते दशमी आवडते. भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी असतं, ओढ कमी, आणि चढतं पाणी व तिन्हीसांज एकत्र येतात. उधाणाला मासा जास्त लागतो म्हणतात. लागतही असेल. पण नव्या माणसाने उधाणाच्या भरतीला कातळावर उभं राहू नये. कातळावर पोहोचल्यावर आधी पंधरा मिनिटं नुसतं बघा. पाच-सहा लाटा साध्या येतात आणि मग एखादी भलतीच वर चढते. कातळ जिथपर्यंत ओला आहे त्याच्या वर उभं राहायचं, हिरव्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही. आणि समोर बघताना मागेही बघायचं: पुढचा कातळ उंच असतो, पण तो आणि किनारा यांच्यामधला खळगा आधी भरतो. हरिहरेश्वरच्या कातळांवर लाटांनी माणसं ओढून नेली आहेत, आणि ती काही सगळी अडाणी नव्हती. उंच लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था देते. तो आला असेल तर घरी बसून मासे विकत घ्यावेत. जून-जुलैत तर विषयच नाही. यांत्रिक होड्यांनाही 1 जून ते 31 जुलै बंदी असते, मग आपण कातळावर कशाला?

मालवणला जाणाऱ्यांसाठी एक: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे. गाभ्याच्या भागात गरी टाकता येत नाही. कितीही छान खडप दिसलं तरी.

सामानात एक पकड हवीच. शेंगटीचा काटा विषारी असतो, गरी हाताने सोडवायची नाही. आणि फुगून गोल झालेला केंड लागला तर तो विषारी मासा घरी न्यायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही.