नुसतं

ताई-दाजी सकाळच्या गाडीने गेले. कप उचलताना दाजींच्या कपाखाली माझी चिठ्ठी निघाली. चार दिवसांत नाशिक कसं बघायचं ते तासावारी आखलेली. तिच्यावर मधोमध चहाचा गोल. आणि काल रात्री ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "छे गं, बघायचं सगळं राहूनच गेलं. गंगेवर नुसतं बसलो."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. पण नुसतं! दिवसभर हा शब्द दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखा टोचतोय. रविवार कारंजापासून त्र्यंबकपर्यंत सगळं कागदावर मांडून दिलं होतं, आणि पदरी काय, तर नुसतं. चिठ्ठी टाकून देणार होतो, पण म्हटलं आधी वाचू. चुकलं कुठे ते तरी कळेल.

पहिलीच ओळ: पांडवलेणी, सकाळी 10. मे महिन्यात पाहुण्याला दहा वाजता त्या पायऱ्या चढायला लावणं हे वैरच म्हणायचं. चढ फार नाही, पण उन्हात दगड तापतो आणि वर पोचेपर्यंत माणूस लेणी बघण्याऐवजी पाणी शोधतो. तिकीटखिडकी उघडल्याबरोबर चढावं, माणशी एक बाटली पाणी घ्यावं. लेणी 24 आहेत. सगळी उरकायला निघालं की एकही दिसत नाही. 3, 10 आणि 18, एवढी पुरे. तीन नंबरचं गौतमी बलश्रीचं. जोत्याला खांदा देऊन सहा दणकट गण बसलेत, आणि वऱ्हांड्यात तिने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम कोरून घेतलाय. क्षहरात या शक घराण्याचा त्याने समूळ उच्छेद केला, असं त्यात आहे. दहा नंबरला जावं तर ते त्याच क्षहरात नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं दान. दोन्ही एकामागोमाग बघायची, तरच गंमत कळते. मग अठरा नंबरचं चैत्यगृह. तिथल्या गारव्यात बसायचं. हे 'बसायचं' मात्र चिठ्ठीत कुठेच नाही.

दुसरी ओळ: काळाराम, दुपारी 12. अनवाणी! त्या फरसबंदीवर बाराला पाय ठेवून बघावा म्हणजे मी काय लिहून बसलो ते कळेल. एकतर सकाळी लवकर जावं, नाहीतर उन्हं उतरल्यावर. दुपारीच जायचं झालं तर जुने मोजे पिशवीत ठेवावेत आणि ओवऱ्यांच्या सावलीने फिरावं. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला तो याच देवळाच्या दारात. हे पाय भाजत असताना सांगू नये, सावलीत उभं राहून सांगावं.

सोमेश्वरचा धबधबा मी का लिहिला, देव जाणे. मेमध्ये तिथे खडक असतात. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं असेल तर थोडंफार पाणी, नाहीतर डबकी. आधी विचारूनच जावं. मिसळही अकराला लिहिलीय. तोवर ताजी मटकी संपून नुसती तर्री हाती येते.

पण खरी फजिती द्राक्षबागेची. 'बाग बघणे, घड तोडणे.' आता कुठले घड? खायची द्राक्षं एप्रिलअखेर आटोपतात, वाइनची तर मार्चपर्यंतच. त्यानंतर खरड छाटणी. सगळ्या काड्या कापून वेल ओलांड्यांपर्यंत, म्हणजे आडव्या जाड फांद्यांपर्यंत, बोडका करतात आणि मग नवी फूट येते. मेमध्ये बागेत गेलं तर मांडवभर कोवळी पानं दिसतात, फळ औषधालाही नाही. दाजी नक्की म्हणाले असते, "हे काय दाखवतोयस?" आणि मला सांगावं लागलं असतं की याच दिवसांत काडीवरच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे कोंब फुटतात तिथे, सूक्ष्म घडनिर्मिती चालते. काडीला ऊन नीट मिळालं नाही, फुटव्यांची विरळणी वेळेवर झाली नाही, मांडवात दाटी झाली, की ऑक्टोबर छाटणीनंतर घडाऐवजी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलाचे ताणे, निघतात. पुढच्या वर्षीचं पीक या उकाड्यात ठरतं, आणि वरून बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

पुन्हा नुसतं आलंच. दोनदा.

वाईट याचं वाटतं, की ताईला हे सगळं माहीत असणार. ती काही पाहुणी नाही. आई असताना ती उन्हाळ्यात यायची तेव्हा चिठ्ठी कोण करत होतं? असो.

मग ती बसली होती तरी कुठे, तेही आठवून पाहिलं. साडेपाचला निघायची. हे बरोबरच, त्याआधी घाटाचा दगड बसू देत नाही. दुतोंड्या मारुती आता पायापासून डोक्यापर्यंत कोरडा. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावर अख्खं गाव पूर मोजतं. समोर नारोशंकराचं देऊळ, 1747 चं, तिथे वसईच्या लढाईतली घंटा. तिथून उठून भांडी बाजारात एक चक्कर, पितळी डबा हातात घेऊन परत ठेवायचा. द्रोणातली करवंदं. सातच्या सुमारास यशवंतराव पटांगणावर वसंत व्याख्यानमाला, तीही मे महिनाभर, खुल्या आभाळाखाली. म्हणे अर्धं व्याख्यान ऐकलं, वारा सुटला तसे दाजी पेंगायला लागले.

म्हणजे माझ्या चिठ्ठीतलं निम्मं तिने बसल्या जागी उरकलं होतं. आणि मी इथे घरी एकटा, झाकण ठेवून वरण गरम ठेवत, हे लोक अजून सोमेश्वरहून कसे आले नाहीत म्हणून चिडत होतो.

पुढच्या आठवड्यात पुण्याची मंडळी येतायत. नवा कागद घेतला. एकच ओळ लिहिली: गंगेवर बसणे. पुढे वेळ टाकली, 5.45 ते 7.15. मग खोडून 7.30 केली.