आठ आठवडे फुकट गेले का? तुम्ही विचारलंत म्हणून

दर वर्षी इलेक्टिव्ह, म्हणजे डॉक्टरकी शिकताना आपल्या आवडीने निवडायचं काम, ठरवायची वेळ आली की ज्युनिअर्सचे तेच दोन प्रश्न येतात. लॅब घेऊ की वॉर्ड, आणि मॅडम तुमचा पेपर आला का. नाही आला. मी आठ आठवडे लॅब घेतली होती, आणि इतकी वर्षं "कंटॅमिनेशन झालं हो", म्हणजे पेशींत नको ते जंतू शिरले, एवढं सांगून विषय बदलत आलेय, आज पूर्ण सांगते.

काम सोपं होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, जेमसायटाबिन हे कॅन्सरचं औषध द्यायचं, 72 तास थांबायचं, किती जगल्या ते मोजायचं. पीएचडी करणारा एक दादा औषधाला न जुमानणाऱ्या पेशी तयार करत होता, महिनोन्‌महिने डोस थोडाथोडा वाढवत, आणि मी त्याच्याच इन्क्युबेटरमध्ये, त्याच्याच मीडियाच्या (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाच्या) बाटलीतून काम करायचे. पहिले दोन आठवडे तर नुसतं हूडमध्ये, म्हणजे जंतू न शिरू देणाऱ्या कपाटात, हात कसे ठेवायचे हेच शिकण्यात गेले.

तिसऱ्या आठवड्यात मी स्लाइडला डॅपी नावाचा चमकणारा रंग लावला. डॅपी डीएनएला चिकटतं, म्हणजे न्यूक्लियस निळा दिसायला हवा आणि बाकी सगळं काळं. माझ्या पेशींत न्यूक्लियसच्या बाहेरही बारीक निळे ठिपके होते, रांगोळीचा हात थरथरल्यावर पडतात तसे. मला वाटलं स्टेन नीट धुतला नाही, माझीच चूक. दुसऱ्या दिवशी लॅब मीटिंग होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काळ्याची पातळी वर सरकवली, ठिपके गेले, फोटो सुंदर झाला. सर म्हणाले, छान स्टेनिंग. मी थँक यू म्हटलं.

चौथ्या आठवड्यापासून साध्या पेशीसुद्धा औषधाला दाद देईनात. औषध खराब झालं असेल म्हणून नवीन काढलं, माझं पिपेटिंग तपासलं, दोन रविवार गेले. सहाव्या आठवड्यात कुणीतरी वैतागून मायकोप्लाझ्मा या अगदी बारीक बॅक्टेरियाचा पीसीआर लावला आणि सगळे फ्लास्क पॉझिटिव्ह, दादाचे धरून. याला सेल वॉल, म्हणजे पेशीची बाहेरची भिंत, नसते आणि पेनिसिलिन त्या भिंतीवरच घाव घालतं, त्यामुळे आपण मीडियात घालतो ते पेनिसिलिन त्याला काही करत नाही, मीडिया गढूळही होत नाही, म्हणजे बघायची जागा एकच, तेच ठिपके, त्याचाच डीएनए. दादाने फ्लास्कमध्ये ब्लीच ओतलं तेव्हा मी शेजारीच उभी होते, मीडिया लालचा रंगहीन होत गेला, तो एक शब्द बोलला नाही. लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींच्या जुन्या दोन व्हायल्स (कुप्या) स्वच्छ निघाल्या, तिथून पुन्हा सुरुवात. पाच महिने गेले त्याचे. मी तिसऱ्याच आठवड्यात ठिपके पाहिले होते हे मी तेव्हाही बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, विद्यार्थिनी होतीस, तुला कुणी शिकवलं होतं? बरोबर आहे, नव्हतंच शिकवलं. दर महिन्याला टेस्ट लावायची सोय लॅबने करायला हवी होती, आठ आठवड्यांसाठी आलेल्या पोरीवर काय ढकलता? हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण न्यूक्लियसच्या बाहेर डीएनए का, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या मुलालाही पडेल, आणि मलाही पडला होता. म्हणून तर पातळी सरकवली. माहीत नसतं तर कशाला सरकवली असती?

आणखी एक खुपतं. 2017 मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एक पेपर आला. त्या लोकांच्याही पेशींवर जेमसायटाबिन चालत नव्हतं, कारण निघालं मायकोप्लाझ्मा, त्याचं एक एन्झाइम औषधच तोडून टाकत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. असे बॅक्टेरिया पेशंटच्या ट्यूमरमध्येही असतील का, म्हणून शोधलं, आणि 113 पैकी 86 नमुन्यांत सापडले. नाही, मी बोलले असते तर तो पेपर माझा झाला असता असं अजिबात नाही, फार तर दादाचे तीन आठवडे वाचले असते. तीनच. पण वाचले असते.

तर लॅब घ्या की नको? नवरा म्हणतो त्या आठ आठवड्यांमुळेच तू रिपोर्ट दोनदा वाचतेस. मला नाही पटत, दोनदा वाचायची सवय मला घाबरटपणातून लागलीय. घ्या, नका घेऊ, मी कोण सांगणारी. मूळ फोटो अजून जुन्या हार्ड डिस्कवर आहे, न सरकवलेला. दादा आता स्वतःची लॅब चालवतो, दिवाळीला मेसेज येतो त्याचा, मी फुलझडी पाठवते.