द्वी नाग रस तुंगल: जावाच्या बबदांमागे

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्यकर्त्याच्या क्रातोनमध्ये, म्हणजे सुलतानाच्या राजवाड्यात, एका दरवाजावर दोन नाग आहेत. शेपट्या एकमेकींत गुंतलेले. सप्टेंबरचं ऊन डोक्यावर होतं, मागून शाळेची सहल येत होती. मी फोटो काढून पुढे निघणार तेवढ्यात सोबतच्या वृद्ध वाटाड्यांनी थांबवलं. त्यांना सगळे ‘पाक’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचं काका. ते मला ‘म्बाक’ म्हणत, म्हणजे ताई. नागांकडे बोट दाखवून ते म्हणाले, “द्वी नाग रस तुंगल.”

मी जागीच उभी राहिले. पाकांनी बोटं मोडून सांगितलं: द्वी म्हणजे दोन, नाग म्हणजे आठ, रस सहा, तुंगल म्हणजे एक. आता उलट वाचा. १६८२. सुलतान या राजवाड्यात राहायला आले ते वर्ष.

‘अंकानां वामतो गतिः’, म्हणजे अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे, हे सूत्र ज्यांनी संस्कृत शिकताना पाठ केलं असेल त्यांना माझी अवस्था समजेल. नाग आठ, रस सहा, ही आपली भूतसंख्या, शब्दांनी अंक सांगायची रीत. आपल्याकडे ज्योतिषाचे ग्रंथ आणि शिलालेख सोडले तर ती फारशी कुठे भेटत नाही. इथे ती दरवाजावर कोरलेली होती आणि एक मुसलमान आजोबा ती मला समजावून सांगत होते. जावात तिला सेंगकलान म्हणतात. कधी ती शब्दांत असते, कधी अशी चित्रात.

आणि १६८२ हे साल कुठलं? इसवी सन नव्हे, हिजरीही नव्हे. क्रातोन वसला १७५६ मध्ये. जावात पूर्वी आपलाच शक चालायचा, इसवी सनातून ७८ वजा केले की येतो तोच. माताराम या जावाच्या राज्याच्या सुलतान आगुंगने १६३३ मध्ये इस्लामी चांद्र पद्धतीचे महिने घेतले, पण वर्षांचा आकडा मोडला नाही. शके १५५५ चालू होतं, तिथूनच पुढे मोजणी सुरू ठेवली. चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे जावाचा आकडा हळूहळू आपल्या पुढे गेला. मी गेले तेव्हा आपल्याकडे शके १९४७ होतं आणि तिथे १९५९. बारा वर्षांचं अंतर, चारशे वर्षांत पडलेलं.

मी जावाला गेले होते ते बबद शोधायला. एम.ए.ला बखर वाङ्मयाचा पेपर होता. बखर ही वाचायला गोड, पण साधन म्हणून दुय्यम, हे तेव्हा मनात पक्कं बसलं. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी बखरींचा घेतलेला समाचार वाचल्यावर वेगळं काही वाटण्याची सोय नव्हती. बबद ही जावाची बखर, असं वाचलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की ‘बबद’ या शब्दाचा मूळ अर्थ रान तोडणं. जंगल साफ करून वस्ती बसवायची, ते बबद. मग त्या वस्तीची, त्या राज्याची, त्या घराण्याची हकिकत, तीही बबद. आणि बबद वाचायचा नसतो, गायचा असतो. तो माचापत छंदांत रचलेला असतो. लढाई आली की दुर्मा, प्रेम आलं की अस्मरंदना, दुःखाला मास्कुमंबांग. छंद बदलला की ऐकणाऱ्याला पुढे काय येणार याची चाहूल लागते.

पण १८१२ नंतर योग्यकर्त्यात गाण्यासाठी पोथ्या जवळजवळ उरल्याच नव्हत्या.

नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी डचांकडून जावा घेतलं. रॅफल्स लेफ्टनंट गव्हर्नर झाला. २० जून १८१२च्या पहाटे त्याच्या फौजेने हा राजवाडा फोडला. सुलतान दुसरा हमेंगकुबुवोनो याला पदच्युत करून पिनांगला पाठवलं. खजिना लुटला आणि ग्रंथालय रिकामं केलं. तटावर चढलेल्यांत मोठ्या संख्येने हिंदुस्थानी शिपाई होते, बंगालच्या फौजेतले. हे मला आधी वाचून माहीत होतं, पण त्या तटाच्या सावलीत उभं राहून ते आठवणं वेगळं. जावाची स्मृती लुटायला आलेल्या हातांत आपल्याकडचे हात होते.

पोथ्या वाटल्या गेल्या त्या रॅफल्स, रेसिडेंट जॉन क्रॉफर्ड आणि कर्नल कॉलिन मॅकेन्झी यांच्यात. मॅकेन्झी हे नाव आपल्याला परकं नाही. दक्षिण हिंदुस्थानातल्या हजारो पोथ्या आणि कैफियती जमवणारा, पुढे हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झालेला तोच हा माणूस. त्याच्या संग्रहातले काही मराठी कागद आज चेन्नईत आहेत, जावाच्या पोथ्या लंडनमध्ये. २०१९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने ७५ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती आजच्या सुलतानांकडे सुपूर्द केल्या. प्रती दिल्या याचा मला आनंदच आहे, विद्यार्थ्यांना त्या आता घरबसल्या पाहता येतात. पण पोथ्या परत यायला हव्यात. दोन शतकं झाली.

या लुटीची हकिकत आपल्याला कळते तीही एका बबदातून. पानुलार नावाचा राजपुत्र, पदच्युत सुलतानाचा सावत्र भाऊ, वाडा फुटला तेव्हा आत होता. त्याने लिहायला घेतलं आणि जवळजवळ दोन वर्षं लिहीत राहिला. ‘बबद बेढाह इंग ङायोग्यकर्ता’, म्हणजे योग्यकर्त्याला खिंडार पडलं त्याचा बबद. रोजनिशीसारखा, पण सगळा छंदात! तोफांचे आवाज, पळापळ, इंग्रजांची वागणूक, नव्या दरबारातली कुजबूज, सगळं गाता येईल असं. आणि ही पोथीसुद्धा क्रॉफर्डच्या संग्रहातून लंडनलाच गेली.

दुसऱ्या दिवशी शहराच्या पश्चिमेला तेगलरेजोला गेले. हे राजपुत्र दिपोनेगोरोचं घर. १८१२ साली तो २६ वर्षांचा होता, म्हणजे वाडा लुटला गेलेला त्याने पाहिला होता. पुढे डच परत आले. टोलनाके, जमिनींचे पट्टे, दरबारात ढवळाढवळ, हे सगळं साचत गेलं. १८२५ मध्ये त्याच्या जमिनीतून रस्ता काढण्यासाठी त्याला न विचारता खुंट्या ठोकल्या गेल्या. त्या उपटल्या गेल्या, पुन्हा ठोकल्या गेल्या. २० जुलैला डच फौज घरावर चालून आली. आज तिथे संग्रहालय आहे आणि आवारात एक विटांची भिंत, तिला माणूस जाईल एवढं भगदाड. याच भगदाडातून तो निसटला असं सांगतात. मुलं त्यातून आत-बाहेर करत होती, राखणदार काही बोलत नव्हते. मीही वाकून पलीकडे गेले.

पाच वर्षं युद्ध चाललं. दोन लाखांच्या आसपास जावानी माणसं मेली, डचांकडचे पंधरा हजार सैनिक, त्यातले निम्मे इथलेच. शेवट झाला मागेलांगला, २८ मार्च १८३० रोजी. ईदचे दिवस होते. वाटाघाटीसाठी आलेल्या दिपोनेगोरोला जनरल डी कॉकने रेसिडेंटच्या बंगल्यातच अटक केली. ती खोली पाहायला मी दीड तास बसने गेले. एक अंगरखा, चहाची भांडी, एक लाकडी खुर्ची. खुर्चीच्या हातावर ओरखडे आहेत. संतापाने रुतलेल्या नखांचे, असं तिथले लोक सांगतात. खरं-खोटं तपासण्याची मला इच्छा झाली नाही. त्या खोलीत एकटीच होते, बाहेर कुणीतरी पानं झाडत होतं.

त्याला दूर उत्तरेला, सुलावेसी बेटावरच्या मानादोला नेलं, आणि तिथे कैदेत या माणसाने बबद रचला. २० मे १८३१ला सुरुवात, ५ फेब्रुवारी १८३२ला समाप्ती. साडेआठ महिन्यांत हजारावर पानं. १८३३ मध्ये त्याला माकासारच्या किल्ल्यात हलवलं आणि ८ जानेवारी १८५५ रोजी तो तिथेच वारला. जावा त्याला पुन्हा दिसलं नाही.

या बबदाची सुरुवात स्वतःपासून नाही, माजापाहित या जावाच्या जुन्या हिंदू राज्याच्या पाडावापासून आहे. आधी जावाची तीनशे वर्षं, मग मी. मूळ प्रत हरवली. अरबी लिपीत जावानी लिहिण्याची पेगोन पद्धत आहे, त्या लिपीतली एक प्रत जकार्ताच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने या बबदाला जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतलं. त्यात दक्षिण सागराची राणी रातू किदुल त्याला भेटायला येते, मदत देऊ करते आणि तो ती नाकारतो. त्याच पानांच्या पुढे-मागे तारखा, गावं, माणसांची नावं आहेत, डच कागदपत्रांशी ताडून पाहता येतील अशी.

इथे मला बखरीचा पेपर आठवला. आम्ही बखरीला विचारायचो: हे घडलं का? हद्दपारीत बसलेला माणूस समुद्राच्या राणीला पोथीत आणतो तेव्हा तो पुरावा देत नसतो. आपण कोण होतो, कोणाची मदत घेतली नाही, ही भूमी कोणाच्या ओळखीची आहे, हे तो सांगत असतो. पराभूताकडे दफ्तरखाना नसतो, छंद असतो. बखरींकडे मी या नजरेने आधी पाहिलं नाही याचं मला वाईट वाटलं. परत आल्यावर त्या पुन्हा काढून बसले आहे.

बबद म्हणजे फक्त बंडखोरांची बाजू, असंही नाही. पुरवोरेजोचा बुपाती, म्हणजे जिल्ह्याचा कारभारी, पहिला चक्रनगर या युद्धात डचांच्या बाजूने लढला होता. १८४०च्या दशकात त्यानेही याच युद्धाचा बबद करवून घेतला, ‘केडुंग केबो’ नावाचा. त्यातला दिपोनेगोरो गर्वाने घसरलेला माणूस आहे. योग्यकर्त्याच्या दरबाराचा आणखी वेगळा. एकच युद्ध, तीन तोंडं, आणि प्रत्येकाला तेच छंद. सत्तेच्या जवळ बसून लिहिणाऱ्याचा सूर कसा बदलतो, हे बघायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

कम्यूटर लाइनच्या गाडीने तासाभरात सोलोला, म्हणजे सुराकर्त्याला पोचले. तिकीट ८००० रुपिया, खिडकीतून सतत भात. युद्धानंतर डचांनी योग्यकर्ता आणि सुराकर्ता या दोन्ही दरबारांकडून बाहेरचे प्रांत काढून घेतले. राजांकडे राज्य असं उरलं नाही, पण लिहिणं थांबलं नाही, उलट वाढलं. १८३२ मध्ये डचांनी इथे अधिकाऱ्यांसाठी जावानी भाषेची संस्था काढली. १८५५ मध्ये ‘ब्रोमार्तानी’ हे जावानी वर्तमानपत्र इथेच निघालं. १८६७ला मांकुनेगारनच्या वाड्यात ग्रंथालय झालं.

राद्यापुस्ताका संग्रहालयाच्या दारात रंगावारसिताचा अर्धपुतळा आहे, १९५३ मध्ये सुकार्णोंनी अनावरण केलेला. रंगावारसिता (१८०२–१८७३) हा सुराकर्त्याचा अखेरचा पुजांग्गा, म्हणजे दरबारी कवी आणि इतिहासकार. शब्द मुळात आपला ‘भुजंग’. त्याचे वडीलही दरबारी लेखनिक होते. युद्ध चालू असताना १८२८ मध्ये डचांनी त्यांना पकडून नेलं, ते परत आले नाहीत. मुलगा पुढे डच विद्वानांबरोबर काम करत राहिला. त्यांना शब्द सांगायचा, ग्रंथ लावून द्यायचा. आणि त्याच हाताने त्याने ‘पुस्ताका राजा पुर्वा’ लिहिला: आपल्या देवांपासून जावाच्या राजांपर्यंत, वर्षावार, साल घालून. डच पंडितांनी त्याला कल्पित म्हटलं. मला त्या पुतळ्यापाशी उभं राहून वाटलं की ज्यांनी वडील नेले त्यांच्या टेबलापाशी बसून हा माणूस जावाला कालगणना देत होता. स्वतःच्या काळाला तो ‘झमान एदान’ म्हणाला. वेडा काळ. हा शब्द सोलोत आजही रिक्षावाल्याच्या तोंडी ऐकू येतो.

शेवटचा दिवस शुक्रवार होता. योग्यकर्त्याच्या क्रातोनमध्ये शुक्रवारी माचापत गातात. श्रीमांगांती मंडपात सहासात वयस्क माणसं मांडी घालून बसली होती, समोर वह्या. एकाने सुरुवात केली. सावकाश, ओळीच्या शेवटच्या स्वरावर रेंगाळत. शब्द कळत नव्हते, मधूनच एखादा ओळखीचा निघून जायचा. पर्यटक येत होते, उभे राहत होते, जात होते.

गाणं थांबल्यावर नागांचे पाक माझ्या शेजारी येऊन बसले. मी वही पुढे केली. आदल्या रात्री मी त्यांच्या १९५९ सालाचं सेंगकलान जुळवलं होतं: गापुरा म्हणजे नऊ, पांडव पाच, त्रुस नऊ, तुंगल एक. पांडवांचा दरवाजा आरपार एक. त्यांनी चष्मा लावला, ओठांत म्हणून पाहिलं, बोटांवर मोजलं.

“आकडा बरोबर आहे, म्बाक,” ते म्हणाले. “पण या वर्षी काय घडलं ते यात नाही.”

मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘गापुरा’ खोडला आणि तिथे काय घालावं म्हणून मंडपाच्या छताकडे बघत बसले. समोर पुढचा गायक घसा साफ करत होता.