आंबूस भात

आज वस्तीतल्या महिलांसमोर अन्न सुरक्षितपणे हाताळण्यावर बोलून झाल्यावर एका आजींच्या घरी गेले, तेव्हा त्या काल रात्रीचा, किंचित आंबूस वास येणारा भात दोन पाण्यांनी धुऊन फोडणीला घालत होत्या. "टाकून कसा देऊ, बाई? महिनाअखेर आहे, डब्यात मूठभर तांदूळ उरलाय."

तासाभरापूर्वी मीच सांगितले होते की शिजवलेला भात दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, कारण त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. शास्त्र खरेच आहे. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनच्या प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला मिळणारे माणशी महिना ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला जेमतेम १६६ ग्रॅम, आणि त्यात घरात फ्रिज नाही, हा हिशेब माझ्या भाषणात कुठेच नव्हता, याची मला मनापासून लाज वाटली.

रात्री वाटीभर कमी शिजवावा, असे मी सुचवले. "आणि मुलगा कामावरून भुकेला आला तर?" असे विचारत त्यांनी नातवाला चहा-चपाती दिली आणि भाताची ताटली स्वतःपुढे ओढली.