तुम्ही विचारलंत म्हणून : फिल्डिंगला मास्क कशाला?

"बॅटरच्या हेल्मेटला जाळी असते, ठीक. बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरचं तर समजूच शकतो. पण थर्ड बेसला उभ्या राहणाऱ्या मुलीला चेहऱ्यावर जाळीचा मास्क कशाला?" मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. दर मोसमात नवीन पालक आले की पहिल्या पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच. कधी थेट येतो, कधी मुलीच्या तोंडून, "ताई, बाबा विचारत होते." गेल्या महिन्यात एका वडिलांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं खेळलात, तुम्ही घालत होतात का?"

नव्हते घालत. अकरा वर्षं थर्ड बेसला खेळले, चेहऱ्याला साधं खरचटलंही नाही. हे उत्तर मी पूर्वी छाती पुढे काढून द्यायचे. आता देताना घसा कोरडा पडतो. का, तेच एकदा नीट लिहिते, म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्याउभ्या अर्धवट सांगावं लागणार नाही.

माझ्याकडचा नियम सगळ्यांना माहीत आहे : पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आणि इनफिल्डमधल्या, म्हणजे बेसजवळ उभ्या राहणाऱ्या, चौघी मास्कशिवाय उभ्या राहायच्या नाहीत, सरावातही नाही. खेळाच्या नियमांत ही सक्ती फक्त कॅचरला आहे, फिल्डरला नाही. म्हणजे हे माझं आहे, आणि त्याचा जाबही मीच द्यायला हवा. रागावू नका, पण "नियमात नाही तर तुम्ही कोण?" हे मला तीन वेळा ऐकवून झालंय.

आधी चेंडूचं बोलू. सॉफ्टबॉल सॉफ्ट नसतो. १८८७ साली शिकागोत हा खेळ बंद दालनात सुरू झाला, तेव्हा गुंडाळून बांधलेला बॉक्सिंगचा हातमोजा चेंडू म्हणून वापरला होता. नावातला मऊपणा त्या काळचा. आजचा चेंडू १२ इंच घेराचा, १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास, आणि बेसबॉलपेक्षा जड. दाबून बघा, बोट दुखेल. पिचर बॅटरपासून ४३ फुटांवर असते, लहान गटांत त्याहूनही जवळ. चेंडू सोडताना ती एक लांब पाऊल पुढे टाकते, म्हणजे उरतात साधारण ३७ फूट. चेंडू ताशी ९० किलोमीटरने परत आला तर तिच्याकडे अर्धा सेकंदही नसतो. त्यातला जवळपास निम्मा वेळ डोळ्यांनी पाहिलेलं हातापर्यंत पोचण्यातच जातो. बंटच्या, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून जवळच टाकलेल्या चेंडूच्या, अपेक्षेने पुढे सरकलेल्या थर्ड बेसचीही जवळपास हीच गत.

"मग मुलगे बेसबॉल खेळतात, ते कुठे घालतात?" त्यांचा पिचर साडेसाठ फुटांवर असतो आणि त्यांचे बेस ९० फुटांवर, आमचे ६०. मुली नाजूक म्हणून हा मास्क नाही. त्या जवळ उभ्या असतात म्हणून आहे.

हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. आकडे तेच होते, मैदान तेच होतं. तरी मी मास्कच्या विरोधात होते, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे थर्ड बेसला खेळणारी एक मुलगी होती, तेरा वर्षांची. मास्क तिच्या आईने आणला होता, पुढची दोन वर्षं पुरावा म्हणून एक माप मोठा. हनुवटीचा कप सैल बसायचा आणि मागचा पट्टा पोनीटेलवरून घसरायचा. दर थ्रोनंतर ती मनगटाने मास्क वर ढकलायची. सराव संपत आला होता. मी होम प्लेटजवळून, म्हणजे बॅटरच्या जागेवरून, ग्राउंडर (जमिनीलगतचे चेंडू) मारत होते आणि पायाजवळचे चेंडू तिच्याकडून सलग सुटत होते. तीन गेले, चौथा गेला. मला चीड आली. मुलीची नव्हे, त्या जाळीची. मी ओरडले, "काढ तो आधी. तुला चेंडूच दिसत नाहीये. शेवटचे दहा आहेत."

तिने काढला आणि थर्ड बेसच्या पलीकडे, फाउल लाइनच्या बाहेर ठेवला, जाळी वर करून.

पुढचे पाच तिने सुरेख घेतले. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "बघ!" ते "बघ" मला अजून ऐकू येतं.

सहावा मी जरा जोरात मारला. बेससमोर धावणाऱ्या मुलींनी घसरून घसरून मातीत एक खळगा पाडला होता. रोज तो पायाने सारखा करायचा आणि त्या दिवशी केला नव्हता. चेंडू त्याच्या कडेवर आदळून उसळला. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. गुडघे वाकलेले, ग्लोव्ह जमिनीला टेकलेला, डोळे चेंडूवर, सगळं मी शिकवल्यासारखं. आवाज आला तो ग्लोव्हवर बसलेल्या चेंडूचा नव्हता.

ती पडली नाही. ग्लोव्ह चेहऱ्यावर धरून तशीच वाकून उभी राहिली. मी धावत गेले, ग्लोव्ह हळूच बाजूला केला तर त्याच्या जाळीत रक्त साचलेलं. डावा डोळा मिटत चालला होता. मी तिला बसवलं, मान सरळ ठेवली, बर्फ आणायला कुणाला तरी पिटाळलं. या गोष्टी हात आपोआप करत होते. ती रडत नव्हती. गालाला हात लावून एवढंच म्हणाली, "ताई, हा ओठ माझा वाटत नाहीये."

नंतर कळलं की गालाचं हाड आणि डोळ्याच्या खोबणीचा तळ, दोन्हींना तडा गेला होता. ओठाला आणि गालाला जाणीव देणारी नस नेमकी तिथूनच जाते. ऑपरेशन लागलं नाही. पण कित्येक आठवडे वर बघितलं की तिला एकाचे दोन दिसायचे. नाक शिंकरायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती, कारण त्या दाबाने हवा डोळ्याभोवती शिरू शकते. तेरा वर्षांची मुलगी सर्दीत नाक न शिंकरता बसून होती.

मला लिहायचंय ते मात्र याच्याही पुढचं. आई मैदानावर आली तेव्हा तिला आधी मुलगी दिसली आणि मग लाइनबाहेर पडलेला मास्क. तो उचलून तिने विचारलं, "हा घातला नव्हतास?" मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "मीच काढला होता."

आणि मी गप्प बसले.

तीन दिवस गप्प होते. रोज फोन करून चौकशी करत होते, पण ते एक वाक्य सांगत नव्हते. चौथ्या दिवशी घरी गेले आणि सांगितलं. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. न विचारता पाणी प्यायलासुद्धा जात नाही ती, मास्क स्वतःहून काढेल?" पुढे काहीच बोलली नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, अपराधीपणातून नियम केलात, विचारातून नाही. हेही मला तोंडावर ऐकवलं गेलंय आणि ते पूर्ण खोटं नाही. म्हणून मी माझ्या जुन्या युक्तिवादांशी पुन्हा पुन्हा भांडून बघते.

"मास्कने चेंडू दिसत नाही." हे खरं आहे, आजही. पायाजवळच्या चेंडूवर खालची पट्टी आडवी येते. पण त्यावर उपाय आहे. हनुवटी थोडी अधिक खाली घ्यायला शिकवावं लागतं आणि मास्क मापाचा लागतो. त्या दिवशी चूक मापाची होती. पट्टा आवळायला अर्धं मिनिट लागलं असतं, पण मला मास्क काढायला सांगणं सोपं वाटलं.

"मास्क घातला की मुली बेफिकीर होतात." हेही मी पाहिलंय. एक मुलगी चेंडू मास्कवर झेलून हसली होती आणि मी तिला तिथेच बसवून सांगितलं होतं की हे हेल्मेट नाही. कानशील उघडं, मागचं डोकं उघडं, आणि जाळीवर बसलेल्या फटक्याचा हादरा मेंदूला बसतोच. वाकलेला मास्क टाकून द्यायचा, ठोकून सरळ करायचा नाही. पण उलटंही पाहिलंय. ऐन वेळी मान वळवणाऱ्या दोघी मास्क आल्यावर चेंडूकडे शेवटपर्यंत बघायला लागल्या. मान वळवणं हीच मोठी चूक असते, हे मी वर्षानुवर्षं ओरडून शिकवत होते.

"खरे खेळाडू घालत नाहीत." या वाक्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. आइस हॉकीतला गोलरक्षक जॅक प्लांट सरावात मास्क घालायचा, पण सामन्यात घालायला प्रशिक्षकाचा विरोध होता. नजर कमी पडेल, हीच तक्रार. १ नोव्हेंबर १९५९ ला पक, म्हणजे त्यांच्या खेळात चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती, त्याच्या तोंडावर बसली. टाके घालून आल्यावर तो म्हणाला, मास्क असेल तरच उतरतो. उतरला, आणि जिंकला. प्रशिक्षकाच्या जागी मी स्वतःला बघते.

आणि आपले क्रिकेटपटू रमण लांबा. फेब्रुवारी १९९८, ढाका, बॅट्समनच्या अगदी जवळ शॉर्ट लेगला फिल्डिंग. षटकाचे मोजकेच चेंडू उरले होते म्हणून हेल्मेट मागवलं नाही. फटका कपाळाच्या बाजूला लागला आणि तीन दिवसांनी ते गेले. मी तेव्हा हळहळले होते. "मोजकेच चेंडू" हे कारण किती फसवं असतं, हे मी ज्याला त्याला सांगत असे. आणि तेरा वर्षांच्या मुलीला मीच म्हणाले, शेवटचे दहा आहेत.

तरी एका प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. आउटफिल्डच्या, म्हणजे मागे लांब उभ्या राहणाऱ्या, मुलींना मी सक्ती करत नाही. तिथे वेळ मिळतो, आणि उंच चेंडूखाली मान मागे टाकली की मास्क हलतो. पण उन्हात हरवलेला चेंडू चेहऱ्यावर येतोच, आणि दोघी एकाच कॅचसाठी धावल्या की टक्करही होतेच. "माझ्या मुलीचा चेहरा लांब उभा आहे म्हणून कमी किमतीचा का?" असं एका आईने विचारलं तेव्हा मी वेळेचं गणित सांगितलं. ते बरोबर होतं आणि तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही.

ती मुलगी परत आली आहे, थर्ड बेसलाच. मास्क आता मापाचा आहे. गेल्या आठवड्यात पट्टा आवळताना तिने विचारलं, "ताई, सीनियरमध्ये गेल्यावर काढला तर चालेल? तिथल्या कुणीच घालत नाहीत." मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. तिला ते उत्तर आवडलं नाही, आणि मला दुसरं सुचलं नाही.

पाणी पिऊन ती जागेवर परतली तेव्हा मास्क कपाळावर सरकवलेला होता. मी बॅट मातीत टेकवली आणि थांबून राहिले.