कशाला आणलंत?

22 डिसेंबरची दुपार. परातीत सारण निवत होतं, मळलेल्या मैद्यावर ओलं फडकं टाकलेलं, आणि मी कातणं शोधत होते. आमचं कातणं दर नाताळला हरवतं आणि ईस्टरच्या सुमारास सापडतं. भांडी आटोपून मावशींनी पदराला हात पुसले, आपल्या नायलॉनच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "घ्या ताई. तुमच्या सणाचं."

आत चहाचा मग होता. पांढरा, त्यावर गुलाबाची दोन फुलं आणि सोनेरी इंग्रजी अक्षरांत 'हॅपी बर्थडे'.

"अहो मावशी, कशाला आणलंत!" हे मी विचार करून म्हटलं नाही, आपोआप तोंडातून पडलं. आणि तोंड बोलत होतं तेवढ्यात हात फ्रिजवरच्या पाकिटाकडे गेलासुद्धा. पाचशेची नोट काढून मी त्यांच्या मुठीत कोंबायला लागले. "असू दे, नातवंडांना खाऊ." तो चहाचा मग हातात पडल्यापासून नोट बाहेर येईपर्यंत फार तर पाच सेकंद गेली असतील.

मावशींनी नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी काय इकाया आणला व्हय?" म्हणाल्या. नोट ओट्यावर, सांडलेल्या मैद्यात ठेवली आणि चपला घालून गेल्या.

करंज्या त्या दिवशी फुटल्याच बऱ्याच.

आता 'कशाला आणलंत' हे काही माझं एकटीचं पाप नाही. कुणी काही दिलं तर नेमकं काय म्हणायचं, याची सोय आपल्याकडे कुणी केलेलीच नाही. 'धन्यवाद' हे व्यासपीठावर बोलायचं, 'थँक्यू' लहान मुलांकडून वदवून घ्यायचं. उरतं काय, तर भांडण. "कशाला आणलंत?" "असू द्या हो." "नाही, उगाच खर्च केलात." "काही नाही त्यात." देणारा बिचारा आपल्याच वस्तूची निंदा करत सुटतो, तेव्हा कुठे घेणाऱ्याचं समाधान होतं. माझी आणखी एक खोड आहे. मी वरचा कागद फाडत नाही. नखाने सेलोटेप उचकटत, एकेक घडी सोडवत बसते; समोरचा ताटकळतो. मग त्याच्यादेखत कागद सपाट करून गादीखाली सरकवते. वस्तू बघते सगळ्यात शेवटी. मुलगी म्हणते, आई, तुला नुसता कागदच दिला तर चालेल.

हे सगळं आईकडून आलं. नगरला (आताचं अहिल्यानगर, पण माझ्या तोंडी नगरच बसलंय) आमच्या आळीत आमचं घर तेवढं ख्रिस्ती. दिवाळीत चारी बाजूंनी फराळाचे डबे यायचे. कुणाकडून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हा नियम तुमच्याही घरात असेल, पण आईने त्याची पार अकरावी आज्ञा करून टाकली होती. आमच्याकडे तळणीची कढई चढायची ती नाताळात. त्यामुळे दिवाळीचे डबे दीड-दोन महिने फडताळात पालथे पडून असायचे, प्रत्येकाच्या बुडाला नावाची चिठ्ठी भाताच्या शिताने चिकटवलेली. मध्येच कुणी मुलाला पाठवून "डबा हवाय, नुसता डबा" असा निरोप धाडलाच, तर आई त्यात वाटीभर साखर घालायची. साखर रेशनवर मिळायची तेव्हा.

मग 24 तारखेच्या संध्याकाळी, कंदिलाची चांदणी दारावर लागली, की ते डबे पोचवायचं काम माझं. करंज्या, चकल्या, वर केकची एक वडी, वर्तमानपत्राच्या तुकड्यात. शेजारच्या काकू आमच्या आईच्या वरताण. त्या मला दारात उभी करून फराळ तिथल्या तिथे ताटात काढून घ्यायच्या. "थांब गं, रिकामा नको नेऊस," म्हणत त्याच डब्यात ओंजळभर बोरं टाकायच्या आणि डबा परत माझ्या हातात. त्यांचाच डबा! घरी आल्यावर आई कपाळाला हात लावायची. तो पितळी डबा मी नगर सोडेपर्यंत दोन घरांच्या मध्ये हेलपाटे घालत होता. शेवटी कुणाकडे राहिला, मला माहीत नाही.

लग्नाच्या आहेराची वही तर सगळ्यांनीच पाहिली आहे. अमक्याकडून स्टीलचा तांब्या, तमक्याकडून 11 रुपये. वीस वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं की वही खाली काढायची आणि महागाई धरून तांब्याचा हिशेब चुकता करायचा.

संत निकोलसची दंतकथा ऐकताना मला ही वही हटकून आठवते. चौथ्या शतकातला हा मायराचा बिशप. हे मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. एका गरिबाच्या तीन मुली हुंड्यावाचून अडल्या होत्या, म्हणून त्याने रात्रीच्या अंधारात त्यांच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. पुढे त्याचा सांताक्लॉज झाला, ते जाऊ दे. मला गंमत वाटते ती मुलींच्या बापाची. पहिली थैली आली, दुसरी आली, आणि तिसऱ्या वेळी हा गृहस्थ झोपलाच नाही. कोण देतंय ते बघायला खिडकीशी दबा धरून बसला, आणि बिशपला पकडलंच त्याने. मी त्या बापाला पूर्ण ओळखते. वही उघडीच असणार त्याची, फक्त नाव लिहायचं राहिलं होतं.

रविवारच्या शब्बाथ शाळेत आम्हाला 'घेणे यापेक्षा देणे ह्यात जास्त धन्यता आहे' हे वचन पाठ होतं. मी ते बिनचूक म्हटलं म्हणून मला पेन्सिल बक्षीस मिळाली. घेतली मी ती.

नाताळच्या उपासनेत मागी लोकांचा, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांचा उतारा दरवर्षी वाचला जातो. सोने, ऊद व गंधरस. वाचणारे गंधरसापाशी दरवर्षी अडखळतात. यंदा मी ऐकत होते ते वेगळंच. बाळाची आई मरीया काय म्हणाली? शुभवर्तमानात मत्तयाने एक अक्षर लिहिलेलं नाही. घर काही खाऊनपिऊन सुखी नव्हे. दुसऱ्या शुभवर्तमानात लूक सांगतो की बाळाला मंदिरात नेलं तेव्हा अर्पण होतं होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं, म्हणजे ज्याला कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी नियमशास्त्राने दिलेली सवलत. अशा घरात परदेशी माणसं सोनं ठेवतात, आणि "अहो, कशाला" नाही, "थांबा, रिकाम्या हाताने जाऊ नका" नाही. आमची आई असती तर तिने उंटांच्या पाठीवर बोरं लादली असती. बरं, पुढे परतफेड करावी म्हटलं तर तीही सोय नाही. मागी दुसऱ्याच वाटेने आपल्या देशी निघून गेले, आणि हे कुटुंब रातोरात मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये. पत्ताच नाही कुणाला कुणाचा.

एक कोट होता. 1970 च्या आसपासची गोष्ट, मी सात-आठ वर्षांची. अमेरिकन मिशनचं नगरमधलं काम 1831 पासूनचं, आणि माझ्या लहानपणीही अमेरिकेतून कधीमधी वापरलेल्या कपड्यांच्या पेट्या यायच्या. एका नाताळला मडमबाईंनी त्यातला एक गडद हिरवा कोट मला दिला. लाकडी बटणं होती त्याला. कॉलरच्या आत कापडी पट्टीवर कुण्या मुलीचं नाव लाल दोऱ्याने विणलेलं. तो घालून मी उपासनेला गेले, सगळ्यांना सलाम केला, आणि सुट्टी संपल्यावर शाळेतही घालून गेले. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "दुधाच्या पावडरीवर बाटलेत हे." तिचं स्वतःचं नव्हतंच ते, घरी ऐकलेलं असणार. मी आईला जसंच्या तसं सांगितलं.

आईने काही न बोलता कोट धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला. "आपण घेणाऱ्यातले नाही," एवढंच म्हणाली. मी रात्रभर रडले. मला थंडी वाजत होती आणि कोट सुंदर होता.

आपण घेणाऱ्यातले नाही, हे खरं नव्हतं. आईची आजी 1899–1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आलेली, सहा-सात वर्षांची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. भाऊ वाचला नाही. तिच्या हातात कुणीतरी कण्यांचं वाडगं दिलं, तिथून आमच्या घराण्याची सुरुवात. आई हे कधी बोलायची नाही. मला आजीने सांगितलं, पुष्कळ वर्षांनी. पणजीला म्हणे कुणी तिच्या लहानपणाचं विचारलं की ती जराही आवाज न उतरवता सांगायची, "दिलं, खाल्लं, जगले."

दुसऱ्या दिवशी मावशी येतील की नाही याची धाकधूक होती. आल्या. मी त्यांच्यासमोर नव्या मगात चहा गाळला, ओट्याला टेकून प्यायले आणि म्हटलं, "छान आहे मग. मोठा आहे. अर्धा-अर्धा कप करत बसायला नको." एवढं बोलायला मला फार जड गेलं. पण वर्षानुवर्षं शिक्षिका असल्याने पुढचंही बोललेच, "त्याच्यावर वाढदिवसाचं लिहिलंय, माहितीये का?"

"मग? वाढदिवसच हाय न्हवं तुमच्या देवाचा?" मावशींनी झाडू उचलला.

24 ला त्यांना डबा दिला. वीस करंज्या, चकल्या, केक. हा दरवर्षीचा फराळ की मगाची परतफेड, याचा मी स्वतःशी बराच वेळ घोळ घातला, मग झाकण लावून टाकलं. मावशी "बरं झालं, पोरं वाटच बघत्यात" म्हणाल्या आणि डबा पिशवीत टाकला. कशाला-बिशाला काही नाही.

26 ला डबा परत आला. घासून लख्ख केलेला. त्या बाहेर फरशी पुसत होत्या तेव्हा मी हळूच झाकण उघडून पाहिलं. रिकामा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा उघडून पाहिलं.